गुलाबाची छाटणी



मागच्या आठवड्यात आमच्या अंगणात गुलाबाची छाटणी चालली होती. वर्गाला येणाऱ्या दोघीतिघी कुंपणाशी थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, "अहो गुरुजी, एवढी हिरवीगार झाडं, आन् तुम्ही पार बोडकी करून टाकली! पाप नाही का लागायचं?" आम्ही हसलो. पण प्रश्न मनात राहिला. कारण पस्तीस वर्षांमागे आम्हीही हेच म्हणत होतो. म्हणून आजचा धडा उद्यावर ढकलू आणि गुलाबाच्या छाटणीविषयी बोलू.

तेव्हा आम्ही एका लहान गावच्या शाळेवर होतो. सातवी होऊन जाणाऱ्या मुलांनी पैसा पैसा जमवून शाळेला चार कलमी गुलाब दिले. शाळेच्या पायरीशी ते लावले. मुले घरून डबड्यात पाणी आणायची. शेरडांपासून जपायला आम्ही भोवती बाभळीचे काटे लावले. दोन वर्षे झाडांनी भरभरून फुले दिली. येणारा पाहुणा आधी गुलाब बघायचा, मग शाळा. आम्हाला त्याचा मोठा अभिमान होता. पानाला हात लावू द्यायचो नाही, मग कात्रीचे नावच कशाला?

चौथ्या वर्षी झाडे डोक्याच्या वर गेली. खाली नुसती उघडी लाकडे आणि वर काड्यांचे जाळे. फुले येत, पण बोराएवढी. आम्हाला वाटले, झाड उपाशी असेल. शेणखत घातले, पाणी वाढवले. काड्या वाढल्या, फूल मात्र होते तेवढेच राहिले.

त्या वेळी जवळच्या द्राक्षबागेत छाटणीला एक वयस्क बाबा येत असत. एके दिवशी ते शाळेच्या पायरीवर पाणी प्यायला थांबले. झाडांकडे बघून म्हणाले, "गुरुजी, झाडाला खायला घालताय ते बरं हाय. पण खाणारी तोंडं किती झालीत, ते मोजलं का?"

आम्ही गप्प बसलो. आम्ही मॅट्रिक झालेलो, आणि बाबांना अक्षर येत नव्हते. पण झाड वाचायला त्यांना येत होते, आम्हाला येत नव्हते. बाबांनी चारांपैकी एकच झाड गुडघ्याइतके कापले. मुले कावरीबावरी झाली. एका मुलीने कापलेल्या फांद्या गोळा करून पाण्याच्या लोट्यात ठेवल्या. आम्हालाही रात्री नीट झोप लागली नाही. दीड महिना गेला. न कापलेल्या तीन झाडांवर तीच बोरे होती. कापलेल्या झाडावर मुठीएवढे फूल आले. आम्ही पट्टीने मोजले. साडेतीन इंच भरले.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण आता आम्हाला छाटणी येऊ लागली, असे आम्हाला वाटले. पुढच्या वर्षी आषाढात, भर पावसात, बोथट कात्री घेऊन आम्ही एक झाड छाटले. फांद्यांचे लांब खुंट सोडले. कापलेल्या जागेला काही लावले नाही. काही दिवसांत त्या खुंटांची टोके काळी पडली. काळेपणा रोज थोडा थोडा खाली उतरू लागला. तो मुळापर्यंत गेला आणि झाड वाळले. मुलांनी दिलेल्या चार झाडांतले एक आम्ही आमच्या हाताने मारले. मुलांनी विचारले, "गुरुजी, काय झालं?" तेव्हा खरे सांगितले. तुम्हालाही ते सांगतो, कारण आमचे झाड गेले, तसे तुमचे जाऊ नये.

आता छाटणी कशासाठी करायची, ते बघू.

गुलाबाचे फूल नव्या फुटीवर येते. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. घरी गेल्यावर एखादे फूल बघा. ते ज्या दांड्यावर असते, तो दांडा त्याच हंगामात फुटलेला असतो. जुने लाकूड म्हणजे घराचा खांब. त्याला फूल लागत नाही, पण त्यातून नवी फूट निघते. छाटणी केली की जोमदार नवी फूट निघते.

दुसरी गोष्ट. फांदीवर पानाच्या बगलेत बारीक उंचवटा असतो. त्याला डोळा म्हणतात. प्रत्येक डोळ्यात एक फांदी झोपलेली असते. पण फांदीचा शेंडा मोठा मानकरी. तो असेपर्यंत खालच्या डोळ्यांना उठू देत नाही. शेंडा कापला, की त्याच्या खालचा डोळा जागा होतो. म्हणून झाड कुठून फुटावे, हे कात्री धरणारा ठरवतो. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्यांना हे नवे नाही. आपल्या नाशिक भागात द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरात फळछाटणी होते. वेल कापल्याबद्दल तिथे कोणी हळहळत नाही.

आता वेळ. आपल्याकडे पावसाळा सरला, हवा कोरडी झाली, थंडी पडायला लागणार, अशा बेताला छाटणी करावी. म्हणजे ऑक्टोबरचा महिना. आमचा ठोकताळा कोजागिरीचा. कोजागिरीपासून दिवाळीची अमावास्या पंधरा दिवसांवर. पुढे कार्तिकाचे तीस दिवस. झाले पंचेचाळीस. छाटणीनंतर साधारण सहा ते सात आठवड्यांनी फूल येते. म्हणजे कोजागिरीला छाटले, तर मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फुले हाताशी येतात. थंडी जास्त पडली, तर आठवडाभर उशीर होतो. मात्र कोजागिरी लवकर आली आणि पाऊस चालूच असला, तर थांबा. पंचांगापेक्षा आभाळ बघा. ओल्या हवेत कापलेल्या जागेतून रोग शिरतो. आमच्या आषाढातल्या झाडाचे तेच झाले.

छाटणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे. झाडाला थोडी विश्रांती मिळते. कुंडीतल्या झाडाचे पाणी मात्र अगदी बंद करू नका. कुंडीतली माती थोडी, ती लवकर वाळते.

आता हत्यार. छाटणीची कात्री घ्या. द्राक्षबागेत तिला सिकेटर म्हणतात. ती धारदार हवी. बोथट कात्री फांदी कापत नाही, चिरडते. विळ्याने किंवा कोयत्याने सपासप हाणू नका. कात्री धरताना तिचे धारेचे पाते झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवा. म्हणजे जो काही दाब बसेल, तो कापून पडणाऱ्या तुकड्यावर बसतो. एक झाड झाले की पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. रोगी झाडाची कात्री तशीच निरोगी झाडाला लावू नका.

हातात जाड मोजे घाला. मोजे नसतील तर जाड गोणपाट हाताला गुंडाळा. अंगात लांब बाह्यांचा सदरा असू द्या. लुगड्याचा किंवा साडीचा पदर खोचून घ्या.

आता कापायचे कसे, ते पायरी पायरीने सांगतो.

पहिल्यांदा मेलेले काढा. वाळलेली, काळी पडलेली फांदी जिवंत लाकडापर्यंत कापा. कापल्यावर फांदीच्या मधला गाभा बघा. तो पांढरा असला तर ठीक. तपकिरी असला तर रोग अजून खाली आहे. आणखी थोडे खाली कापा. पांढरा गाभा दिसेपर्यंत थांबू नका. इथे दया करू नये.

दुसऱ्यांदा बारीक काड्या काढा. शिसपेन्सिलीहून बारीक काडीला चांगले फूल लागत नाही. ती फक्त खाणारे तोंड.

तिसऱ्यांदा एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बघा. दोघींतली कमजोर ती काढा. झाडाच्या पोटात शिरणाऱ्या फांद्याही काढा. पोट मोकळे राहिले की ऊन आणि वारा आत जातो. मग भुरी आणि काळे ठिपके कमी येतात. छाटलेले झाड वरून बघितले तर उघड्या ओंजळीसारखे दिसले पाहिजे.

आता उरल्या चार ते सहा जाड, निरोगी फांद्या. त्या गुडघ्याइतक्या, म्हणजे दीड ते दोन फुटांवर कापा. प्रत्येक फांदीवर चार-सहा डोळे राहू द्या. कापताना बाहेर तोंड असलेला डोळा शोधा. त्याच्या पाव इंच वर काप घ्या. काप तिरपा असावा. उंच बाजू डोळ्याकडे आणि उतार डोळ्याच्या पाठीमागे. म्हणजे पडलेले पाणी डोळ्यावर न येता मागे निथळते. अगदी डोळ्याला लागून कापले तर डोळा सुकतो. फार वर कापले तर खुंट राहतो आणि खुंटातून रोग उतरतो. पाव इंच म्हणजे किती, ते आपल्या पट्टीवर आजच बघून ठेवा.

हे माप चांगल्या वाढलेल्या कलमी झाडाचे झाले. लावून वर्षही न झालेले झाड असेल, तर नुसते वाळके काढा आणि शेंडे खुडा. वेलीगुलाबाला तर हे माप मुळीच लावू नका. त्याच्या लांब फांद्या राखायच्या, मांडवावर आडव्या बांधायच्या आणि फक्त बाजूच्या फुटी आखूड करायच्या. वेलीगुलाब गुडघ्याइतका कापला, तर पुढे बरेच दिवस फुलाची वाट बघत बसावे लागते.

कलमी झाडाची आणखी एक चोरी बघा. कलमी गुलाबाचा खालचा भाग रानटी असतो. त्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो. कधी कधी सांध्याच्या खालून, मातीतून, खुंटाची फूट निघते. ती फार जोमाने वाढते. पाहणाऱ्याला आनंद होतो. पण ती वरच्या कलमाचे अन्न खाते आणि एक दिवस कलम मरून नुसता रानटी झुडपा उरतो. लोक मग म्हणतात, "लाल गुलाब होता, त्याला आता भलतीच फुलं येतात." काही जण सांगतात, सात पानांची फांदी ती रानटी. तसे नेहमीच नसते. फूट सांध्याच्या वरून निघाली की खालून, हे माती बाजूला करून बघा. खालून निघाली असेल, तर जिथून निघाली तिथूनच ओढून काढा. मातीच्या वर नुसती कापली, तर एकीच्या दोन होतात.

कापून झाले की त्याच दिवशी जखमांना मलम लावा. हे मलम घरी करता येते. त्याला बोर्डो मलम म्हणतात. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात विरवा. चुना पाण्यात पडला की उकळतो. तोंड लांब ठेवा, मुलांना दूर ठेवा. चुना गार झाला की दोन्ही एकत्र ओता आणि काडीने ढवळा. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्या. लोखंडाचे घेऊ नका, मोरचूद लोखंड खातो. ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. मोरचूद विष आहे. मग जुन्या कुंचल्याने प्रत्येक कापावर मलम लावा. मलम ताजेच वापरावे, शिळे कामाचे नाही.

पुढे बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने मोकळी करा. मुळे तोडू नका. चांगले कुजलेले शेणखत घमेलेभर घाला आणि पाणी द्या. दहा-पंधरा दिवसांत तांबूस कोंब दिसतील. त्या दिवसांत शेरडांना जपा. कोवळ्या फुटीवर मावा आला, तर निंबोळीचा अर्क फवारा.

आता काट्यांविषयी. लिंबोणीचा काटा फांदीच्या लाकडातून आलेला असतो. गुलाबाचा काटा सालीवरचा असतो. बोटाने आडवा दाबला तर टचकन निघतो. पण म्हणून तो गरीब नव्हे. छाटलेल्या फांद्या वाटेवर टाकू नका. आपली मुले आणि गुरे त्याच वाटेने जातात. फांद्या गोळा करून एका कडेला खोल खड्ड्यात पुरा. रोगी फांद्या खताच्या ढिगावर टाकू नका.

काटा रुतला तर हसण्यावारी नेऊ नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. खोल, अरुंद जखमेत हवा जात नाही, तिथे ते वाढतात. काटा काढा. साबणाने आणि भरपूर पाण्याने जखम धुवा. तिच्यावर शेण, माती, राख काही लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताची सुई घ्या. कधी घेतली होती, ती तारीख घरात लिहून ठेवा. आम्ही जुन्या काळी काटा दातांनी काढून कामाला लागणारे पाहिले आहेत. त्यांतले सगळेच नशीबवान नव्हते.

आता आपल्या वर्गातल्या एका ताईंची हकिगत. नाव सांगत नाही, त्या इथेच बसल्या आहेत. त्यांच्याकडे चाळीस झाडे आहेत. फुले विकून घर चालते. गेल्या वर्षी झाडे फार वाढली, फुले बारीक झाली. हारवाला घेईना. आम्ही म्हटले, छाटा. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं फूल देवाला जातं, माझं बाजाराला. दीड महिना फूल नाही म्हणजे दीड महिना मीठ-तेल कुठून आणू?"

प्रश्न खरा होता. पुस्तकात झाड असते, झाडामागचे घर नसते. आम्ही दोघे ओट्यावर बसलो आणि हिशेब केला. सगळी झाडे एकदम छाटायची नाहीत, असे ठरले. वीस झाडे कोजागिरीला छाटायची. उरलेली वीस दिवाळीपर्यंत बारीक का होईना, फुले देत राहतील. दिवाळी झाली की ती छाटायची. पहिली वीस मार्गशीर्ष लागताना फुलतील, दुसरी त्यानंतर पंधरा दिवसांनी. म्हणजे हात अगदी रिकामा राहील तो दिवाळीपासून मार्गशीर्ष लागेपर्यंत, आणि पुढे फूलही एकदम न येता पुरवून येईल. तेवढ्या दिवसांसाठी त्यांनी दिवाळीच्या विक्रीतले पैसे बाजूला ठेवले.

ताईंनी कात्री घेतली. पहिले झाड कापताना हात थरथरत होता. चौथ्या झाडाला थांबला. कापून झाल्यावर त्यांनी कोळसा घेतला आणि भिंतीवर छाटणीची तारीख लिहिली. आकडा थोडा वाकडा आला, पण वाचता येत होता. मग त्या रोज दिवस मोजू लागल्या. बेचाळिसाव्या दिवशी कळ्यांनी रंग दाखवला. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी हारवाला दारात उभा होता. वीसांपैकी दोन झाडे मात्र फुटली नाहीत. त्यांचा गाभा आधीच तपकिरी होता. हेही सांगितले पाहिजे. छाटणी ही जादू नव्हे. मेलेले झाड तिने उठत नाही.

आपल्या नाशिकला मोगलांच्या अमलात गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. आज तळेगावकडे काचघरासारख्या प्लॅस्टिकच्या घरांत गुलाब करतात आणि फेब्रुवारीत परदेशी पाठवतात. डॉक्टर बी. पी. पाल हे आपल्या देशाचे नामांकित शेतीशास्त्रज्ञ. गव्हाला तांबेऱ्यापासून वाचवण्यासाठी ते आयुष्यभर खपले. 1965 साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्याच माणसाने गुलाबाच्या नव्या जाती काढल्या आणि 1966 साली भारतातल्या गुलाबांवर पुस्तक लिहिले. ज्याला गव्हाची काळजी, त्याला गुलाबही हलका वाटला नाही. तेव्हा अंगणात दोन झाडे असतील, तर त्यांनाही कमी लेखू नका.

त्या भगिनीने विचारले होते, पाप लागेल का? आम्ही आमचा अनुभव सांगितला. मायेपोटी आम्ही कापले नाही, तेव्हा झाड खंगले. घमेंडीने कापले, तेव्हा झाड मेले. बाबांनी बघून, वेळेवर, धारेच्या कात्रीने कापले, तेव्हा ते फुलले. फांदी कापण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. नीट बघा. मग कात्री उघडा.

आज घरी जाऊन वहीत तीन ओळी लिहा. पहिली ओळ, माझ्या अंगणात किती झाडे आहेत. दुसरी ओळ, मी छाटणी कोणत्या तारखेला केली. तिसरी ओळ, पहिले फूल कोणत्या तारखेला आले. दुसरी आणि तिसरी ओळ आज रिकामी राहील. राहू द्या. ती झाड भरील.

फूल आले की एक वर्गात आणा. पट्टी आम्ही आणू.